लिथियम काचेतून न्यूट्रॉनचं चित्र: आधी टेफ्लॉन काढा

प्रश्न थोडक्यात असा. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने एक मिलीमीटर जाडीची जीएस२० ही सेरियम घातलेली, न्यूट्रॉन अडला की चमकणारी लिथियम काच घेतली. मागून आणि कडेने टेफ्लॉन टेप गुंडाळली, ४५ अंशांतला आरसा आणि थंड केलेला कॅमेरा लावला आणि रिअ‍ॅक्टरच्या न्यूट्रॉन बीमवर पाच-पाच मिनिटांची चित्रं काढली. चित्र अंधूक आलं. न्यूट्रॉन अडवणाऱ्या गॅडोलिनियमच्या पत्र्याची कड जवळजवळ अर्धा मिलीमीटर पसरली. तिला हवेत दहा-वीस मायक्रॉन. तिचे गाइड म्हणतात, काच आपणच ओतू, त्यात आहे काय, सिलिका आणि लिथियम कार्बोनेट. तेव्हा तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: वेगळी काच लावली तर रिझोल्यूशन सुधारेल का, आणि अशी काच विद्यापीठाच्या भट्टीत होते का?

पहिल्याचं उत्तर: नुसत्या काचेने नाही. दुसऱ्याचं: होते, सातव्या-आठव्या ओतणीला. मी पंचवीसेक वर्षं या काचांमध्ये घालवली आहेत, अर्धी भट्टीसमोर आणि अर्धी बीमवर, आणि लोकांचे या दोन टोकांमधले गैरसमज सारखेच असतात. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सुरुवात टेफ्लॉनपासून, कारण तुमचा अर्धा आजार तिथेच आहे. एम.एस्सी.च्या लॅबमध्ये गॅमा मोजताना आपण प्रत्येकाला शिकवतो की क्रिस्टलला टेफ्लॉन घट्ट गुंडाळा, एकही फोटॉन वाया जाता कामा नये. मोजणीत ते बरोबरच आहे, कारण तिथे फोटॉन कुठून आला याच्याशी कोणाला घेणंदेणं नसतं. चित्रात सगळा प्रश्नच ‘कुठून’ हा आहे. मागच्या पांढऱ्या टेपवर आपटून परत आलेला फोटॉन म्हणजे पत्ता चुकलेलं पत्र: पोहोचतं, पण भलत्याच घरी. एक मिलीमीटरच्या काचेत अशी पत्रं कितीतरी असतात.

शिवाय काचेचा स्वतःचा एक गुण आहे. या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५५. म्हणजे पृष्ठभागाशी काढलेल्या लंबापासून ४० अंशांपेक्षा तिरका जाणारा प्रकाश बाहेर पडतच नाही, आतल्या आत परावर्तित होत राहतो. हिशेब केलात तर एका बाजूने जेमतेम १२ टक्के प्रकाश बाहेर येतो, दुसऱ्या बाजूने तेवढाच, आणि उरलेला तीन-चतुर्थांश काचेत आडवा धावत कडेपर्यंत जातो. वाटेत ओरखडा, बुडबुडा, बोटाचा ठसा भेटला की तिथून बाहेर सांडतो आणि सगळ्या चित्रावर एक दुधाळ पडदा पसरतो. म्हणून कड काळी करायची. काळा कागद नुसता टेकवून उपयोग नाही, मधे हवेचा थर राहतो आणि परावर्तन चालूच राहतं. मॅट काळा रंग काचेला चिकटून बसला पाहिजे. मागची बाजूही तशीच काळी. प्रकाश निम्मा होईल, तुम्ही हळहळाल, पण कड लगेच सुधारेल. पैसे खर्च न करता होणारी ही पहिली दुरुस्ती आहे.

आता बीम. नमुना आणि काच यांत किती अंतर होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि नवीन माणूस ते कधीच लिहीत नाही. कॉलिमेटरचं छिद्र आणि तिथपासूनची लांबी यांचं गुणोत्तर २५० असेल, आणि नमुना काचेपासून एक सेंटिमीटर दूर असेल, तर नुसत्या भूमितीने ४० मायक्रॉन धूसरपणा आलेला असतो. मग काच सोन्याची लावा, काही फरक नाही. अ‍ॅल्युमिनियमची खिडकी, नमुन्याचा स्टँड, मधली हवा करत करत एक-दोन सेंटिमीटर कसे होतात कळतही नाही. गॅडोलिनियमची पट्टी काचेला अक्षरशः चिकटवून एक चित्र घ्या आणि एक सेंटिमीटर लांब ठेवून दुसरं घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे बीमचा वाटा, पहिल्यात उरलेलं ते डिटेक्टरचं. ही चाचणी न करता काचेला दोष देऊ नका.

एवढं आवरल्यावर काचेची जाडी येते, आणि इथे खरी ओढाताण आहे. न्यूट्रॉनला स्वतःला विद्युतभार नाही, त्यामुळे तो काचेत प्रकाश काढत नाही. त्याला लिथियम-६ चा अणू भेटला पाहिजे. तो न्यूट्रॉन गिळतो आणि फुटतो: एक अल्फा कण २.०५ एमईव्हीचा आणि एक ट्रायटॉन, म्हणजे ट्रिटियमचं केंद्रक, २.७३ एमईव्हीचा, दोघे अगदी विरुद्ध दिशांना. हे दोन भारित कण काचेत धावतात आणि सेरियमला चमकवतात. थर्मल, म्हणजे मंद, न्यूट्रॉनसाठी लिथियम-६ चा काटछेद (न्यूट्रॉन पकडण्याच्या शक्यतेचं माप) ९४० बार्न आहे, आणि जीएस२० मध्ये लिथियम वजनाने ६.६ टक्के, त्यातलं ९५ टक्के लिथियम-६. म्हणजे न्यूट्रॉन सरासरी ०.६ ते ०.७ मिलीमीटर जाऊन अडतो. एक मिलीमीटरची काच थर्मल न्यूट्रॉनपैकी तीन-चतुर्थांश पकडते, २०० मायक्रॉनची सुमारे २६ टक्के, १०० मायक्रॉनची १४ टक्के, ५० मायक्रॉनची ७ टक्के. पातळ करत गेलात की चित्र तीक्ष्ण होतं आणि न्यूट्रॉन हातातून सुटतात.

तीक्ष्ण का होतं, तेही आकड्यात बघा. समजा एफ १.४ ची लेन्स, एकास एक मोठेपणा. लेन्सचा संख्यात्मक छिद्रांक, म्हणजे ती किती रुंद कोनातला प्रकाश घेते त्याचं माप, ०.१८ च्या आसपास येतो. २०० मायक्रॉन जाडीच्या काचेच्या मधोमध फोकस धरलात तर वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागाशी झालेली चमक २३ मायक्रॉनच्या ठिपक्यात पसरते. एक मिलीमीटरच्या काचेत हाच ठिपका सव्वाशे मायक्रॉनच्या जवळ जातो. म्हणजे टेफ्लॉन, बीम सगळं सुधारलं तरी तुमच्या सध्याच्या काचेतून वीस मायक्रॉन निघणार नाहीत. त्या बाबतीत काच बदलायलाच हवी, आणि ती शंभर-दोनशे मायक्रॉनपर्यंत घासलेली हवी.

मग अंधूकपणाचं काय? तिथे मात्र कोणाची सुटका नाही. जीएस२० एका न्यूट्रॉनमागे सुमारे ६,००० फोटॉन देते. वर सांगितलेल्या लेन्सला त्यातला हजारातला तीन-साडेतीनच हिस्सा मिळतो, म्हणजे वीसेक फोटॉन. त्यात काचेचा उजेड ३९५ नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्याच्याही काठावर. साध्या फोटोग्राफीच्या लेन्सा तिथे प्रकाश खातात, कॅमेऱ्याच्या सेन्सरची कार्यक्षमताही तिथे उतरलेली असते. तुमच्या कॅमेऱ्याला एका न्यूट्रॉनमागे पाच-सात इलेक्ट्रॉन मिळाले तरी नशीब समजा. आरसा पुढच्या पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनियम चढवलेलाच घ्या, चांदीचा मुलामा इतक्या निळ्याला कमी पडतो. साधा मागून मुलामा दिलेला आरसा असेल तर दुहेरी प्रतिमा येते. (हे मी अगदी नामांकित मंडळींच्या मांडणीत बघितलंय, आणि दुहेरी कडेवर तासभर चर्चा झालेलीही ऐकली आहे.)

तुलनेला लिथियम फ्लोराइड आणि झिंक सल्फाइडचा पांढरा पडदा घ्या: एका न्यूट्रॉनमागे दीड लाखाहून जास्त फोटॉन. काचेच्या पंचवीसपट. तो अपारदर्शक असतो, जाड केला तर स्वतःचाच प्रकाश खातो, पण नुसता पडदा म्हणून काच त्याच्यापुढे उभी राहत नाही. आणि दहा-वीस मायक्रॉन हवेत, नमुना स्थिर आहे, वेळेची घाई नाही, असं काम असेल तर गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडचा दहा-वीस मायक्रॉनचा थर घ्या. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेच्या ‘न्यूट्रॉन मायक्रोस्कोप’ने गॅडोलिनियम-१५७ ने समृद्ध केलेला थर वापरून पाच मायक्रॉनच्या आसपास मजल मारली. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक-मापन संस्थेच्या गटाने २०१७ साली त्याच जातीच्या सिंटिलेटरवर (कण आपटला की चमकणाऱ्या पदार्थाला सिंटिलेटर म्हणतात), प्रकाशवर्धक लावून आणि एकेका न्यूट्रॉनच्या ठिपक्याचं केंद्र काढून, दोन मायक्रॉन दाखवले. यातलं काहीच काचेने झालेलं नाही. माझ्यासारख्या काचवाल्याला हे लिहिताना जड जातं, पण खरं ते खरं.

मग काच कशाला? तर एकेक न्यूट्रॉन मोजण्यासाठी. काच उजेडात हरते आणि वेगात जिंकते. सेरियमची चमक साठेक नॅनोसेकंदांत विझते, झिंक सल्फाइड मात्र मायक्रोसेकंदांच्या हिशेबात रेंगाळतं आणि मागे शेपूट सोडतं. काच पारदर्शक आणि एकजिनसी असल्यामुळे प्रत्येक न्यूट्रॉन जवळपास सारख्याच उंचीचा स्पंद देतो, स्पंदांच्या उंचीच्या स्पेक्ट्रममध्ये स्वच्छ शिखर दिसतं, आणि गॅमाचा कचरा उंचीची रेषा आखून बराचसा कापता येतो. काच पातळ असेल तर आणखी फायदा: गॅमाने उडवलेला इलेक्ट्रॉन शंभर-दोनशे मायक्रॉनमध्ये आपली ऊर्जा सोडतच नाही, निसटून जातो, तर ट्रायटॉन चाळीसेक मायक्रॉनमध्ये सगळी ओततो. स्पंदित स्रोतावर, जिथे न्यूट्रॉन किती वेळाने पोहोचला यावरून त्याची तरंगलांबी काढतात, तिथे म्हणूनच काचेला मान आहे. ओक रिजच्या स्पॅलेशन स्रोतावर टोपाझ या उपकरणात याच काचेचे अँगर कॅमेरे (चमक अनेक प्रकाशमापकांत कशी वाटली गेली यावरून जागा काढणारे) बसवलेले आहेत. त्यांचं रिझोल्यूशन मिलीमीटरच्या घरातलं, पण काम वेगळं, क्रिस्टलचे ठिपके मोजण्याचं.

तेव्हा तुम्ही ठरवायचं ते हे: कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवून उजेड साठवायचा आहे, की एकेक न्यूट्रॉन ओळखून त्याची जागा लिहून घ्यायची आहे? पहिलं असेल तर काच विका आणि गॅडोलिनियमचा थर घ्या. दुसरं असेल तर पुढे वाचा.

एकेक न्यूट्रॉन ओळखायचा म्हणजे लेन्सच्या मागे प्रकाशवर्धक आणि त्याच्यामागे टाइमपिक्स३ सारखी चिप, जी प्रत्येक ठिपक्याला दीड नॅनोसेकंदाच्या घरातला वेळेचा शिक्का मारते. आता धूसर ठिपका फार अडचणीचा राहत नाही. ठिपक्याची रुंदी २५ मायक्रॉन असली आणि त्यातले नऊ फोटॉन पकडले, तर केंद्र त्याच्या एक-तृतीयांशाने, आठेक मायक्रॉनपर्यंत सांगता येतं. इथे प्रत्येक जादा फोटॉन थेट रिझोल्यूशन देतो, म्हणून काचेचा उजेड वाढवायची धडपड इथेच सार्थकी लागते. मात्र एक मर्यादा काचेच्या आतलीच आहे. अल्फा सहा-सात मायक्रॉन जातो, ट्रायटॉन चाळीसेक. उजेडाचं केंद्र न्यूट्रॉन अडला तिथे नसतं, ट्रायटॉनच्या बाजूला सरकलेलं असतं, आणि दर खेपेला वेगळ्या दिशेला. त्यामुळे नुसत्या केंद्राने दहा-पंधरा मायक्रॉनच्या खाली जाणं कठीण. त्याखाली जायचं तर कणाचा माग दिसला पाहिजे: कुठल्या टोकाला सुरू झाला, कुठे संपला.

माग दिसावा म्हणून काचेचे तंतू करण्याची कल्पना आली. लिथियम काचेचा गाभा, बाहेरून कमी अपवर्तनांकाच्या काचेचं वेष्टण, असे दहा मायक्रॉनचे तंतू हजारोंनी एकत्र वितळवून जोडायचे आणि त्याची चकती कापायची. प्रकाश आपापल्या तंतूतून पृष्ठभागापर्यंत येतो, त्यामुळे जाडी आणि तीक्ष्णता यांचं भांडण मिटतं. एक मिलीमीटर जाडीची चकतीही तीक्ष्ण राहते. गाभा १.५५ आणि वेष्टण १.४९ धरलं तर तंतूत एका बाजूला सुमारे दोन टक्के प्रकाश अडकतो, म्हणजे न्यूट्रॉनमागे सव्वाशेच्या आत-बाहेर फोटॉन. लेन्सच्या विसापुढे हे वैभवच. पण तो सव्वाशे चार-पाच तंतूंत वाटला जातो, वेष्टणात गेलेली ऊर्जा फुकट जाते, आणि तंतू मागापेक्षा बारीक झाला की ते स्वच्छ शिखर पसरतं. गॅमा ओळखायला मग उंचीपेक्षा आकार बघावा लागतो: ट्रायटॉनचा माग आखूड आणि भरगच्च, इलेक्ट्रॉनचा लांब आणि विरळ.

आता भट्टी. तुमच्या गाइडना सांगा की ‘त्यात आहे काय’ या वाक्यात माझी पहिली तीन वर्षं गेली.

सेरियम घातलेल्या सिंटिलेटर काचा १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत गिन्थर आणि शुलमन यांनी दाखवल्या. जीएस२० च्या कुळातल्या काचेचं माप वजनाने ढोबळ असं: सिलिका ५६-५७ टक्के, अ‍ॅल्युमिना १८, लिथिया (लिथियम ऑक्साइड) १७-१८, मॅग्नेशिया ४, सेरियम ऑक्साइड ४. अ‍ॅल्युमिना आणि मॅग्नेशिया कमी केलात तर लिथियम जास्त बसेल असा मोह होतो. मलाही झाला होता. ओतताना मध्यभाग पांढरा पडतो, लिथियम सिलिकेटचे क्रिस्टल धरतात, आणि उरलेली काच पावसाळ्यात आठवडाभरात आंधळी होते.

पण माप ही सोपी गोष्ट. खरा खेळ सेरियमच्या अवस्थेचा. तीन भाराचं सेरियम चमकतं. चार भाराचं चमकत नाही, वर अतिनील आणि निळा प्रकाश गिळतं, नेमका शेजारच्या सेरियमने काढलेला. हवेत वितळवलंत तर चार भाराचं मुबलक होतं. ओतलेली काच फिकट पिवळी दिसली की समजा, गेली. पाण्यासारखी स्वच्छ हवी. करडी किंवा धुरकट आली तर दुसऱ्या टोकाला गेलात, कार्बन आत राहिला. आम्ही शेवटी दोन टप्प्यांवर स्थिरावलो. पहिल्यांदा सेरियम सोडून बाकीचं सगळं प्लॅटिनमच्या मुशीत, हवेत वितळवायचं, म्हणजे कार्बोनेटचा सगळा वायू निघून जातो. लिथियम कार्बोनेट ७२३ अंशांना वितळतं आणि मग सिलिकाशी भिडून दुधासारखं उतू जातं, म्हणून मूस एक-तृतीयांशच भरायची आणि तापमान सावकाश चढवायचं. ती काच पाण्यात ओतून फोडायची, कुटायची, मग त्यात सेरियम ऑक्झलेट मिसळून कार्बनच्या मुशीत, वाहत्या आर्गॉनखाली, १,३५० ते १,४०० अंशांना पुन्हा वितळवायची. ऑक्झलेट तापलं की कार्बन मोनॉक्साइड सोडतं, त्याची मदत होते, आणि भट्टीबाहेर तो वायू कुठे जातोय याची काळजीही तुम्हालाच घ्यायची असते.

एक चूक माझ्याकडून शिकून घ्या. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून प्लॅटिनमच्या मुशीतच साखर टाकली, कार्बनने सेरियम खाली उतरेल म्हणून. सेरियम उतरलं असावं. सिलिकाही उतरली, सिलिकॉन झालं, ते प्लॅटिनममध्ये शिरलं, आणि मुशीच्या तळाची चाळणी झाली. सगळी काच भट्टीच्या विटांवर. त्या मुशीचा भंगारचा कागद अजून माझ्याकडे आहे.

कुटताना स्टीलचा खल वापरू नका. लोखंड दशलक्षात काही भाग जरी शिरलं तरी अतिनील भागात शोषण वाढतं आणि सेरियमची ऊर्जाही चोरली जाते. अगेटचा खल, आणि सिलिका वाळू धुऊन काढलेली नव्हे, कृत्रिम, चार-पाच नऊच्या (९९.९९ ते ९९.९९९ टक्के) शुद्धतेची. आम्हाला एकदा ‘शुद्ध’ म्हणून आलेल्या पोत्यातून निघालेल्या काचा एका रांगेत ठेवल्यावर हिरवट दिसायच्या. एकटी बघितली की कोणालाच कळत नव्हतं.

सेरियमचाही एक उगम असतो. ते मोनाझाइटमधून आलेलं असलं, आपल्याकडे केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर मिळतं तेच, तर त्यात थोरियम सोबतीला असतं. नीट वेगळं झालेलं नसेल तर काच स्वतःच अल्फा सोडते, आणि ते अल्फा काचेच्या आतच असल्यामुळे पूर्ण चमकतात. मंद बीमवर, लांब एक्स्पोजरमध्ये, हे ठिपके खऱ्या न्यूट्रॉनमध्ये मिसळतात. बीम बंद ठेवून एक रात्र काच मोजली की कळतं.

आणि लिथियम-६. समृद्ध लिथियम हा अणुव्यवहारात नियंत्रित माल आहे, पर्चेस सेक्शनकडे कोटेशन टाकून मागवायचा नव्हे. म्हणून पहिल्या दहा ओतण्या साध्या लिथियमवर करा. त्यात लिथियम-६ साडेसात टक्के असतंच, एक मिलीमीटरची काच दहाएक टक्के न्यूट्रॉन पकडते, चाचणीला पुरे. समृद्ध माल हातात आल्यावर वजन नव्याने काढा. लिथियम कार्बोनेटचा रेणूभार ७३.९ वरून ७२.१ वर आलेला असतो, शंभर ग्रॅमच्या जागी ९७.६ ग्रॅम लागतात. जुन्याच चिठ्ठीवरून वजन केलंत तर सगळ्यांत महाग पदार्थ जास्त पडतो आणि काच क्रिस्टल धरायच्या काठावर जाते. आमच्याकडे हे एकदा झालंय.

ओतणी तापवलेल्या ग्रॅफाइटच्या साच्यात, लगेच ५०० अंशांच्या आसपासच्या, काचेतला ताण काढणाऱ्या अ‍ॅनिलिंग भट्टीत, आणि तिथून मिनिटाला अर्ध्या अंशाने खाली. हे रात्रभराचं काम आहे, आणि रात्री लाइट जाते. आमचा एक अख्खा ठोकळा पहाटे तीनच्या सुमाराला गेलेल्या विजेने दुभंगला. सकाळी भट्टी उघडली तेव्हा तो बाहेरून शाबूत दिसत होता, हातात घेतल्यावर टक्क करून दोन झाले. यूपीएस फक्त कंट्रोलरला देऊन भागत नाही, हीटरलाही लागतो. ताण राहिलाय का ते बघायला मोडलेल्या एलसीडी मॉनिटरच्या पोलरायझरचे दोन तुकडे पुरतात. काटकोनात धरून मधे काच धरा. रंगीत पट्टे दिसले तर पुन्हा अ‍ॅनिल करा, कापायला घेऊ नका.

घासणं-पॉलिश करणं मी इथे लिहीत नाही, ते ऑप्टिकल वर्कशॉपमधल्या कारागिराकडून करून घ्या आणि त्याच्या शेजारी बसून बघा. १०० मायक्रॉनची चकती हाताने सुटी धरता येत नाही, आधी जाड आधारकाचेवर चिकटवून मग खाली आणतात. गंमत म्हणजे पॉलिशची पूड सेरियम ऑक्साइडचीच असते, तेच नतद्रष्ट चार भाराचं सेरियम. शेवटी नीट धुऊन घ्या.

बीमवर जाण्याआधी टेबलावरच काच पारखता येते. ३१२ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली चांगली काच ठसठशीत निळी-जांभळी चमकते. शेजारी जीएस२० चा तुकडा ठेवा, डोळ्यालाच फरक कळतो. मग फोटोमल्टिप्लायरवर (मंद चमक विजेच्या स्पंदात बदलणाऱ्या नळीवर) बसवा. मेणात किंवा पॉलिथिनमध्ये ठेवलेल्या अमेरिशियम-बेरिलियम स्रोतासमोर एक स्पेक्ट्रम, मग काचेभोवती एक मिलीमीटर कॅडमियम लावून दुसरा. कॅडमियमने जे गायब झालं ते थर्मल न्यूट्रॉनचं. ते शिखर सुमारे १.६ एमईव्हीच्या गॅमा-समतुल्य उंचीवर दिसलं पाहिजे. सिझियम-१३७ आणि कोबाल्ट-६० लावून पट्टी आखून घ्या. शिखर १.२ वर आलं तर सेरियम किंवा लोखंडाकडे बघा. स्रोत हाताळायला तुमच्या संस्थेच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची परवानगी, हे वेगळं सांगायला नको. आणि बीमवर डिटेक्टरजवळ कॅडमियमचं शिल्डिंग टाळा, ते न्यूट्रॉन गिळून गॅमा ओकतं. लिथियम फ्लोराइडच्या विटा ठेवा. लिथियम न्यूट्रॉन गिळतं तेव्हा गॅमा निघत नाही.

तंतू ओढण्याचा विचार मात्र पीएच.डी.च्या मुदतीत करू नका. ठोकळा पुन्हा तापवून ओढताना काच नेमकी क्रिस्टल धरण्याच्या तापमानातून जाते, गाभ्यातलं लिथियम वेष्टणात झिरपतं, दोन काचांचं प्रसरण जुळलं नाही तर चकती थंड होताना तडकते. ते काम तंतूंच्या चकत्या करणाऱ्या कारखान्याबरोबर बसून करायचं असतं. तुमच्या वाट्याचा प्रश्न आहे तो स्वच्छ, उजळ, शंभर मायक्रॉनची काच आणि एकेक न्यूट्रॉनची मोजणी. एवढ्यावर प्रबंध होतो.

वेळेचाही अंदाज घेऊन ठेवा. चौरस सेंटिमीटरला सेकंदाला एक कोटी न्यूट्रॉनचा बीम मिळाला, हा चांगला बीम झाला, तर दहा मायक्रॉनच्या चौकटीत सेकंदाला दहा न्यूट्रॉन येतात. शंभर मायक्रॉनची काच त्यातला सव्वा-दीड पकडते. एक टक्का अचूकतेला दहा हजार लागतात, म्हणजे एका चित्राला दोन तास. शंभर मायक्रॉनच्या चौकटीला हेच काम मिनिट-सव्वा मिनिटाचं. तुमच्या पाच मिनिटांच्या चित्रात दहा मायक्रॉन का दिसणार नव्हते, ते इथे कळेल. टोमोग्राफीचा, म्हणजे नमुना फिरवत शेकडो चित्रं घेण्याचा, विषय तर काढूच नका.

बीमसाठी तुम्हाला लांब जायचं कारण नाही. ट्रॉम्बेला ध्रुव हा संशोधन रिअॅक्टर आहे, १९८५ पासूनचा, १०० मेगावॅटचा, तिथे इमेजिंगची बीमलाइन आहे. २०१८ मध्ये सुरू झालेला अप्सरा-यू आहे. विद्यापीठांच्या लोकांसाठी यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या मुंबई केंद्रामार्फत वाट आहे. कल्पाक्कमचा कामिनी अवघ्या ३० किलोवॅटचा, पण अवकाशयानांच्या पायरो (छोट्या स्फोटावर चालणाऱ्या) उपकरणांची रेडियोग्राफी तिथे वर्षानुवर्षं झाली आहे. बीमटाइमच्या अर्जात ‘नवीन सिंटिलेटरची चाचणी’ असं मोघम लिहू नका. कड कुठल्या पत्र्याची, काचेपासून किती अंतरावर, किती जाडीच्या काचेत, हे आकड्यांत लिहा.

पुढच्या वेळी बीमवर जाल तेव्हा हीच एक मिलीमीटरची काच न्या, टेफ्लॉन काढलेली, कड आणि पाठ काळी केलेली. गॅडोलिनियमची पट्टी काचेला चिकटवून एक आणि एक सेंटिमीटर लांब ठेवून एक, अशी दोन चित्रं घ्या, अर्धा-अर्धा तास. सोबत बीम बंद असतानाचं एक. ती तीन चित्रं आणि लेन्सचं नाव पाठवा, भट्टीचं त्यानंतर बोलू.